हरकतीचा हक्क : उरणचे बंदर, औषधाचा भाव आणि करारांतील कलमे

१/
चिर्ल्याहून अटल सेतूवर चढलेली गाडी खाडी ओलांडून शिवडीला उतरते. उरण तालुक्यातल्या रुग्णांना या पुलाने मुंबईची मोठी रुग्णालये जवळ आणली. उतरल्यावर शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, थोडे पुढे परळचे केईएम आणि टाटा मेमोरियल. याच टापूत, अँटॉप हिलला, आणखी एक सरकारी इमारत आहे. तिथे कोणी रुग्ण जात नाही. ते पेटंट कार्यालय. मात्र परळला लिहून दिलेली गोळी शेकड्यांत मिळेल की लाखांत, हे कित्येकदा त्या इमारतीतल्या सुनावणीत ठरते. #धागा

२/
त्या इमारतीच्या हातात किती अधिकार असावेत, हे मात्र दूरच्या शहरांत ठरते : माराकेश, जिनिव्हा, दोहा, ब्रसेल्स, लंडन. तिथे व्यापारी करार होतात. त्यांच्या मसुद्यात उरणच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव कुठे नसते. पण त्या रुग्णालयात मोफत वाटायच्या औषधांची खरेदी सरकारी पैशातून होते आणि तो पैसा मोजका असतो. औषध दहापट महागले तर त्याच पैशात एक दशांश रुग्णांनाच ते मिळते. करार आणि औषधाची खिडकी यांचे नाते इतके सरळ आहे.

३/
कलमांची किंमत काय असते, हे उरणला सांगावे लागत नाही. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी भातशेती आणि मिठागरे जाऊ लागली, तेव्हा नोटीस, मुदत, हरकत, मोबदला हे शब्द घराघरांत पोहोचले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे धोरण आले. प्रकल्प थांबला नाही. परंतु त्यात भूमिपुत्रांच्या बाजूचे एक कलम शिरले. भारतातल्या औषधांचा इतिहासही काहीसा असाच आहे.

४/
बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. जगाच्या व्यापाराला भारताने नवा दरवाजा उघडला. त्याच मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने आपल्या 'स्पेशल ३०१' या तरतुदीखाली भारताला अग्रक्रमाच्या निरीक्षण यादीत घातले. तक्रार अशी, की भारत बौद्धिक संपदेला पुरेसे संरक्षण देत नाही. या तक्रारीचा मोठा रोख भारताच्या पेटंट कायद्यावर होता. दोन्ही घटना एका महिन्यात घडल्या हा योगायोग. पण पुढच्या तीन दशकांची दिशा त्यात दिसते. व्यापाराच्या दरवाजातून माल येतो, तसे नियमही येतात.

५/
तक्रार ज्या कायद्याविषयी होती, त्याची कथा थोडी मागून सांगावी लागते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात १९११ चा इंग्रजी अमदानीतला पेटंट कायदा लागू होता. बाजारपेठ प्रामुख्याने परदेशी कंपन्यांच्या हाती होती. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच पुढे नोंदवले, की काही प्रतिजैविकांचे भारतातले भाव जगातल्या सर्वाधिक भावांपैकी होते. म्हणजे गरीब देशातला रुग्ण श्रीमंत देशातल्या रुग्णापेक्षा अधिक दाम मोजत होता.

६/
आधी न्या. बक्षी टेकचंद आणि नंतर न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या समित्यांनी या कायद्याची चिकित्सा केली. अय्यंगारांचा अहवाल १९५९ चा. त्यावरून १९७० चा पेटंट कायदा घडला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यातील मर्म एका भेदात आहे : औषधाच्या बाबतीत पेटंट पदार्थावर मिळणार नाही, फक्त तो बनवण्याच्या रीतीवर मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे.

७/
हा भेद तांदळाच्या भाकरीवरून समजेल. कोणी उकड काढण्याची नवी रीत शोधली, तर तिच्यावर त्याचा हक्क असणे समजू शकते. पण भाकरीवरच त्याचा हक्क झाला, तर उरलेल्या गावाने कोणत्याही रीतीने भाकरी थापणे हा गुन्हा ठरेल. १९७० च्या कायद्याने औषधाच्या बाबतीत रीत राखीव ठेवली आणि भाकरी मोकळी केली. भारतीय रसायनतज्ज्ञांनी दुसऱ्या रीती शोधल्या, आणि एकाच औषधाच्या अनेक उत्पादकांमध्ये चढाओढ लागून भाव उतरले.

८/
कायद्याच्या जोडीला कारखाने होते. परळच्या हाफकिन संस्थेत लशी आणि सर्पदंशावरचे औषध तयार होत होते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे पेनिसिलिन बनू लागले. उरणहून पनवेल ओलांडले की येणाऱ्या रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स उभी राहिली. तिची नोंदणी १९६० ची. रंग आणि औषधे यांना लागणारी मूळ रसायने देशातच व्हावीत, हा तिचा हेतू. शेजारच्या पाताळगंगा पट्ट्यात पुढे सिप्लासारख्या खाजगी कंपन्याही आल्या. स्वस्त औषध हे कायदा, कारखाना आणि किंमत नियंत्रण या तिघांचे मिळून फळ होते.

९/
मग आली उरुग्वे फेरी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या व्यापारी वाटाघाटींत प्रथमच बौद्धिक संपदा हा विषय शिरला. डिसेंबर १९९१ मध्ये आर्थर डंकेल यांचा मसुदा आला आणि 'डंकेल प्रस्ताव' हा शब्द महाराष्ट्रात गावच्या सभेपर्यंत गेला. लोकांत चर्चा बियाण्यांची अधिक झाली, औषधांची कमी. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश इथे करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली.

१०/
या करारातील 'ट्रिप्स' या भागाने १९७० चा भेद पुसला. औषधावर पदार्थाचेच पेटंट, आणि तेही वीस वर्षांचे. आरोग्याचा प्रश्न व्यापाराच्या करारात का बसवला गेला, याचे उत्तर शिक्षेच्या पद्धतीत आहे. या व्यवस्थेत औषधाचा नियम मोडला म्हणून कापडाच्या किंवा कोळंबीच्या निर्यातीवर जादा कर बसू शकतो. एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यातून वसूल होते. म्हणून आरोग्य मंत्रालयाला नको असलेली तरतूदही वाणिज्य मंत्रालयाला मान्य करावी लागते.

११/
भारताला पदार्थाचे पेटंट सुरू करण्यासाठी १ जानेवारी २००५ पर्यंत मुदत होती. तोवर आलेले अर्ज एका पेटीत जमा करून ठेवायचे होते. ती पेटीही नीट ठेवली नाही म्हणून अमेरिकेने तक्रार केली आणि १९९७ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. त्यानंतर १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन टप्प्यांत भारताने आपला कायदा बदलला. करार पाळणे अटळ झाले होते. उरला प्रश्न एवढाच, की पाळताना आपल्या बाजूचे काय लिहून घेता येईल?

१२/
याच काळात एड्सने जगाला या प्रश्नाकडे पाहायला लावले. तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, युसुफ हमीद यांच्या पुढाकाराने, तो उपचार 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एका डॉलरहून कमी. १९७० च्या कायद्यावाचून हे शक्य नव्हते. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला दोहा इथे सर्व देशांनी मान्य केले, की ट्रिप्सचा अर्थ लोकांच्या आरोग्याचे रक्षण होईल असाच लावला पाहिजे. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीचा मोफत उपचार सुरू केला. भाव उतरले नसते, तर सरकारी तिजोरीला हे भार पेलले नसते.

१३/
२००५ ची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा डावे पक्ष, आरोग्य कार्यकर्ते आणि बी. के. केयला यांच्यासारख्या पेटंट कायद्याच्या जाणकारांनी आग्रह धरून काही तरतुदी घडवल्या. त्यातल्या दोन फार मोलाच्या. पहिली, कलम ३(ड) : माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप हा शोध नव्हे, जोवर त्याने गुण लक्षणीय वाढत नाही. दुसरी, पेटंट मिळण्याआधी कोणालाही हरकत नोंदवण्याचा हक्क. 'कोणालाही' म्हणजे रुग्णालाही.

१४/
कलम ३(ड) च्या स्पष्टीकरणात जी रूपे मोजली आहेत, त्यात पहिले नाव आहे 'सॉल्ट', म्हणजे क्षार. उरणच्या मिठागरातले मीठही एक क्षारच. औषधाचा मूळ रेणू अनेकदा पाण्यात विरघळत नाही किंवा टिकत नाही. म्हणून त्याला आम्लाशी जोडून क्षार करतात. औषधाच्या दुकानात 'याच सॉल्टची दुसऱ्या कंपनीची गोळी द्या' असे म्हणतात, ते हेच. मूळ पेटंट संपत आले, की त्याच रेणूच्या नव्या क्षारावर किंवा नव्या स्फटिकावर आणखी एक पेटंट मागायचे, ही जुनी युक्ती. ३(ड) ने तिला बांध घातला.

१५/
बांधाची पहिली परीक्षा रक्ताच्या कर्करोगावरच्या 'ग्लिव्हेक'ने घेतली. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये त्यातील इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या एका स्फटिकरूपावर अर्ज केला होता. २००३ मध्ये तिला विक्रीचे एकाधिकारही मिळाले. तिच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये; भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत. पेटंटला हरकत घेणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्या होत्या, तशी मुंबईची 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही रुग्णांची संस्थाही होती.

१६/
जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले : ते घटनाबाह्य आहे आणि ट्रिप्सशी विसंगतही. ऑगस्ट २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम घटनेला धरून असल्याचे सांगितले आणि ट्रिप्सशी विसंगतीचा वाद देशातल्या न्यायालयापुढचा नव्हे, असे म्हटले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी अंतिम निकाल दिला. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. औषध शरीरात अधिक शोषले जाते एवढे सिद्ध करून भागत नाही. पेटंट नाकारले गेले.

१७/
दुसरी परीक्षा मुंबईतच झाली. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे बायरचे 'नेक्साव्हार' महिन्याला २,८०,४२८ रुपयांना मिळत होते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला : किंमत ८,८८० रुपये, आणि बायरला सहा टक्के स्वामित्वशुल्क, जे अपिलात सात टक्के झाले. पेटंट रद्द झाले नाही. धारकाला मोबदलाही मिळाला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम केला.

१८/
दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. नवे औषध शोधायला वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो, अनेक प्रयोग वाया जातात, आणि संरक्षण नसेल तर कोणी पैसा घालणार नाही, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. भारतीय कायद्यानेही ते नाकारलेले नाही. खरोखर नव्या औषधाला इथे वीस वर्षांचे पेटंट मिळतेच. शिवाय सक्तीचा परवाना हे हत्यार भारताने सढळ हाताने वापरलेले नाही. नेक्साव्हारनंतर आलेल्या मागण्या फेटाळल्या गेल्या. तो परवाना आजही एकटाच उभा आहे.

१९/
देशातला कायदा नीट असूनही औषध वाटेत अडू शकते, हे २००८ ने दाखवले. डॉ. रेड्डीज कंपनीचे ५७० किलो लोसार्टन विमानाने ब्राझीलला निघाले होते. रक्तदाबाचे हे साधे औषध. आज उरणच्या कितीतरी घरांत सकाळच्या चहाबरोबर घेतले जाते. भारतात त्यावर पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. पण विमान अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर बदलायचे होते आणि नेदरलँड्समध्ये होते. डिसेंबरमध्ये माल अडवला गेला आणि शेवटी भारतात परत पाठवला गेला.

२०/
नंतरच्या फेब्रुवारीत एचआयव्हीच्या रुग्णांसाठी नायजेरियाला निघालेल्या औषधाचेही तेच झाले. ११ मे २०१० रोजी भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. पुढल्या वर्षी युरोपीय संघाशी समझोता झाला, की केवळ वाटेत असलेला माल एवढ्या कारणाने अडवायचा नाही. न्हावा-शेव्याहून रोज हजारो कंटेनर सुटतात आणि त्यांतले कित्येक मधल्या बंदरांत जहाज बदलतात. अशा बंदराच्या तालुक्याला या समझोत्याचे मोल वेगळे सांगायला नको.

२१/
ट्रिप्सने जे मिळाले नाही, ते पुढे दोन देशांमधल्या करारांत मागितले जाऊ लागले. युरोपीय संघाशी २००७ मध्ये बोलणी सुरू झाली, तेव्हा 'माहितीच्या एकाधिकारा'ची मागणी आली. औषध सुरक्षित असल्याचे पुरावे मूळ कंपनी सरकारला देते. जेनेरिक उत्पादक आपले औषध तसेच असल्याचे दाखवून परवानगी मिळवतो. हा एकाधिकार आला, तर ठरावीक वर्षे सरकारला त्या पुराव्यांचा आधार घेता येणार नाही. मग पेटंट नाकारले गेले तरी स्वस्त औषध बाजारात येणार नाही. ३(ड) चा बांध शाबूत, आणि पाणी मात्र बाजूने गेलेले. रुग्ण संघटना रस्त्यावर उतरल्या आणि भारताने ही मागणी मान्य केली नाही.

२२/
हरकतीच्या हक्काचे सर्वांत बोलके उदाहरण क्षयरोगाचे आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी टोचली जाणारी काही इंजेक्शने श्रवणशक्ती हिरावून घेत. 'बेडाक्विलिन' या गोळीने त्यांची गरज संपवत आणली. पण भारतात सुरुवातीला ती देणगीच्या मोजक्या मात्रांत, निवडक केंद्रांतच मिळत होती. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर आणखी एक पेटंट मागितले होते. ते मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

२३/
२०१९ मध्ये दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, आणि दोघींनीही त्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेली. २३ मार्च २०२३ रोजी अँटॉप हिलच्या कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मूळ पेटंट संपल्यावर इतर उत्पादकांना वाट मोकळी झाली. ज्यांचे स्वतःचे नुकसान भरून येणार नव्हते, त्यांनी पुढच्या रुग्णांसाठी कागद लढवला.

२४/
सगळीच बाजू राखली गेली असे नाही. आयातशुल्क उतरले, चीनचे स्वस्त पेनिसिलिन-जी आले, आणि देशातले त्याचे उत्पादन बंद पडले. रसायनीचा सरकारी कारखाना चालू ठेवायचा नाही, असे २०१७ मध्ये ठरले. औषधांचा कच्चा माल आता मोठ्या प्रमाणात चीनहून येतो. हे अवलंबन जोखमीचे आहे हे पटल्यावर २०२० मध्ये केंद्राने देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आणली. कलम वाचले, पण कारखाना गेला, तर कलमाचा उपयोग अर्धाच उरतो.

२५/
आणि कलमही अलगद झिजते. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनस्टाइन या चार देशांशी व्यापार करार झाला. माहितीचा एकाधिकार त्यात आला नाही. पण त्याच आठवड्यात भारताने पेटंटचे नियम बदलले. पेटंटधारकाने औषध देशात किती उपलब्ध केले याचा हिशेब दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यायचा. पूर्वी निःशुल्क असलेल्या हरकतीला शुल्क, आणि ती ग्राह्य आहे का याची आधी छाननी. नेक्साव्हारचा आदेश ज्या हिशेबाच्या आधाराने उभा राहिला, तोच हिशेब आता विरळ झाला.

२६/
२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. औषधे उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणजे कंपनीने स्वखुशीने दिलेला परवाना, अशा आशयाची नोंद त्यात आहे. सक्तीच्या परवान्याचा अधिकार कागदावर कायम आहे. पण उद्या एखाद्या अधिकाऱ्याने तो वापरायचे ठरवले, तर समोरचा वकील याच नोंदीवर बोट ठेवील. मोठे हक्क बहुधा एका घावात जात नाहीत. ते नियम, शुल्क आणि शब्दप्रयोगांतून कमी होत जातात.

२७/
बंदर, महामार्ग, पूल, विमानतळ : उरण-पनवेलच्या भूमीने व्यापाराला जागा करून दिली आहे. व्यापार थांबावा अशी मागणी इथल्या आंदोलनानेही कधी केली नव्हती. त्याची मागणी वेगळी होती : आमच्या नावाचे कलम त्यात असू द्या, आणि हरकत घ्यायला आम्हाला दार उघडे ठेवा. १९८४ मध्ये ते दार जमिनीसाठी उघडावे लागले, २००५ मध्ये औषधासाठी. दोन्ही वेळा नोटीस वाचणारी आणि मुदतीच्या आत अर्ज करणारी माणसे होती म्हणून ते उघडले.

२८/
ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर गोळ्यांचे पाकीट मोफत हातात पडते, तेव्हा त्यावर भाव लिहिलेला नसतो. तो कोणीतरी कधीतरी चुकवलेला असतो : कधी कराच्या रूपाने सर्वांनी मिळून, तर कधी ऐकू येईनासे झालेल्या कानांनी. पुढचा करार कुठल्या शहरात होईल हे उरणच्या हाती नाही. अँटॉप हिलच्या त्या दारात हरकतीचा अर्ज घेऊन माणसाला जाता येईल की नाही, याकडे मात्र लक्ष ठेवता येते. पुलावरून ते अंतर आता फार नाही.